वैर होते म्हणून, वैर नव्हते म्हणूनही

भंडारा जिल्ह्यातले खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी दलित समाजातल्या भैयालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे यांना गावातल्याच जमावाने ठार मारले. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवले आणि त्यातल्या सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची जन्मठेप दिली. खून सिद्ध झाले, शिक्षाही झाली. सिद्ध झाले नाही ते एवढेच, की हे सारे जातीमुळे घडले. आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपींना ओळखणाऱ्या या मायलेकी होत्या आणि त्याचा सूड उगवला गेला, असे दोन्ही न्यायालयांनी धरले. सुडाचे कारण हाती लागले आणि ॲट्रॉसिटीचे कलम गळून पडले.

आता पुण्याचे हडपसर. २ जून २०१४. फेसबुकवर टाकलेल्या विटंबनेच्या चित्रांवरून वातावरण तापलेले. मूळचा सोलापूरचा, आयटी कंपनीत नोकरी करणारा मोहसीन शेख नमाज पढून परतत होता. जमावाने त्याला मारून टाकले. जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन आरोपींना जामीन दिला. आदेशात एक कारण असे होते, की आरोपींचे मृताशी काही वैयक्तिक वैर नव्हते, तो दुसऱ्या धर्माचा होता एवढाच त्याचा दोष, आणि ही बाब आरोपींच्या बाजूने जाते. धर्माच्या नावाने त्यांना चिथावले गेले होते, असेही त्यात होते. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने हा जामीन रद्द केला, हे बरे झाले. खटल्याचा शेवट मात्र जानेवारी २०२३ मध्ये पुराव्याअभावी सगळ्या आरोपींच्या निर्दोष सुटकेत झाला.

हे दोन्ही आदेश शेजारी ठेवून वाचा. खैरलांजीत वैर होते, म्हणून द्वेषाचा गुन्हा नाही. हडपसरला वैर नव्हते, निव्वळ द्वेष होता, म्हणून आरोपीला सवलत. एकाच राज्यात, एकाच उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत, द्वेषाला एकदा काहीच वजन मिळाले नाही आणि एकदा मिळाले ते आरोपीच्या पारड्यात. ‘समान न्याय’ हा शब्द उच्चारण्याआधी हे एकदा नीट पाहावे, एवढ्यासाठी हे सुरुवातीलाच सांगितले.

मी अंबाजोगाईच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. ॲट्रॉसिटीच्या खटल्यांत दोन्ही बाजूंनी उभी राहिले आहे. फिर्यादीच्या बाजूने सरकारी वकिलांना मदत केली आहे आणि आरोपींचे जामीनही केले आहेत. घर मराठा. २०१६ चे मूक मोर्चे निघाले तेव्हा आमच्या घरातली निम्मी माणसे त्यात होती, आणि मोर्चाच्या निवेदनात ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करा ही मागणीही होती. माझा एक आतेभाऊ तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात मला गाठून एकच प्रश्न विचारतो. “ताई, काठी सगळ्यांच्या पाठीवर सारखीच लागते ना? मग माझ्या पाठीची केस वेगळी अन् त्याच्या पाठीची वेगळी, हे कसलं समान?”

प्रश्न खोडसाळ नाही. अमेरिकेतही द्वेषगुन्ह्यांच्या कायद्यावर हाच आक्षेप घेतला जातो, आणि तोही कायद्याच्या समान संरक्षणाचा हवाला देऊन. म्हणून त्याला उत्तर द्यायला हवे.

पहिली गोष्ट, कायदा सगळ्या पाठी सारख्या मानतो हेच मुळात खरे नाही, आणि याची कुणी तक्रारही करत नाही. शेजाऱ्याच्या कानाखाली वाजवली तर पोलीस एनसी लिहून घेतात आणि कोर्टात जा म्हणून सांगतात. तीच चपराक तलाठ्याला कामावर असताना मारली तर ३५३ लागते, अटक होते, जामिनासाठी कोर्टात उभे राहावे लागते. नव्या न्याय संहितेत कलमाचा आकडा बदलला, पण गावोगाव आजही लोक ‘तीनशे त्रेपन्न’च म्हणतात. तलाठ्याचा गाल काही जास्त मोलाचा नसतो. त्याला मारल्याने गावातले सरकारी काम थांबते, पुढचा तलाठी खरे लिहायला भितो, म्हणून कायदा तिथे कडक होतो. लग्नानंतर सात वर्षांच्या आत सून जळून मेली आणि आधी हुंड्यासाठी छळ झाला असेल, तर सिद्धतेचा भार सासरकडे सरकतो. तिथेही ‘सगळ्या मृत्यूंना एकच माप लावा’ असे कुणी म्हणत नाही. गुन्ह्याचा घाव ज्याच्यावर पडला त्याच्यापुरता राहतो की त्याच्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांपर्यंत पोचतो, हे कायदा नेहमीच पाहत आला आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाने राज्याला दोन बंधने घातली आहेत. कायद्यापुढे समानता नाकारायची नाही हे एक, आणि कायद्याचे समान संरक्षण नाकारायचे नाही हे दुसरे. पहिले इंग्लंडच्या परंपरेतले. दुसरे आले अमेरिकेच्या घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतून, आणि ती दुरुस्ती १८६८ ची आहे. यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेली होती. दक्षिणेकडच्या राज्यांत मुक्त झालेल्या काळ्या माणसांची घरे जाळली जात होती, त्यांना भर रस्त्यात मारले जात होते. खून हा तिथेही गुन्हा होताच. पण शेरीफ तक्रार घेत नव्हता, साक्षीदार उभा राहत नव्हता आणि गोऱ्या पंचांची ज्युरी गोऱ्या आरोपीला सोडून देत होती. सगळ्यांसाठी लिहिलेला कायदा काहींच्या दारापर्यंत पोचतच नव्हता. ‘समान संरक्षण’ ही मागणी त्यातून जन्मली. ती तिथेही सहज पदरात पडली नाही. १८७३ मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी कित्येक काळ्या माणसांची कत्तल झाली, आणि १८७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची शिक्षा रद्द केली. ही दुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खासगी माणसांना नाही, असे न्यायालयाने सांगितले.

कोलंबिया विद्यापीठात शिकलेले बाबासाहेब आपल्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. आपण चौदाव्या अनुच्छेदावर थांबलो नाही. सतराव्यात अस्पृश्यता थेट नष्ट केली आणि तिचे पालन हा गुन्हा ठरवला. म्हणजे अमेरिकेत अडलेला दरवाजा आपण आधीच उघडून ठेवला होता. तरी त्यातून आत जायला वेळ लागला. १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा आला, १९७६ मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षण कायद्याचे रूप मिळाले. मधल्या काळात तामिळनाडूत तंजावर जिल्ह्यातल्या किळवेण्मणी इथे २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलित माणसे झोपडीत जाळून मारली गेली. मद्रास उच्च न्यायालयाने जमीनदार आरोपींना सोडले. एवढे श्रीमंत लोक स्वतः चालत जाऊन झोपड्या पेटवतील हे पटण्यासारखे नाही, असा त्या निकालातला एक विचार होता. खुनाचे कलम तेव्हाही होतेच, आणि ते सगळ्यांना सारखेच होते. ११ सप्टेंबर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजेच ॲट्रॉसिटी, अशा अनुभवांच्या पाठीवर उभा आहे.

पण हे सगळे लांबचे झाले. संरक्षण कुठे अडते ते मी अगदी जवळून पाहिले आहे.

मराठवाड्यात गायरानाचे तंटे पाचवीला पुजलेले. एका गावात मातंग समाजातली एक बाई वर्षानुवर्षे कसत असलेल्या गायरानाच्या तुकड्यात तूर उभी होती. एका रात्री त्यावर रोटाव्हेटर फिरला. सकाळी ती बांधावर गेली तर तीन माणसे तिथेच उभी होती. त्यांनी काय म्हटले ते तिने ठाण्यात जसेच्या तसे सांगितले. “मांगांनी तूर पेरायची आन् आमी बघत बसायचं व्हय?” मी तिच्यासोबत त्या ठाण्यात दुपारी पोचले तोवर फिर्याद टाइप झाली होती. पहिले वाक्य, ‘शेतीच्या जुन्या वादातून’. शेवटचे वाक्य, ‘शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली’. मधे तुरीचा उल्लेख होता. मांग हा शब्द कुठेच नव्हता. हवालदारांना विचारले तर म्हणाले, “मॅडम, जमीन तिच्या नावावर हाय का? सातबारा दाखवा, मग बघू.” बाई मला म्हणाली, “वकीलबाई, मी तर समदं सांगितलं की. लिवणारानं लिवलं न्हाई.”

वरवर पाहता हवालदाराने फारसे काही केले नाही. रोजच्या सवयीचे दोन ठोकळे वापरले आणि एक वाक्य वगळले. पण त्या वगळलेल्या वाक्यातच खटला होता. जातीवरून अपमान केल्याच्या कलमात नेमके कोणते शब्द, कुठे, कुणाच्या देखत उच्चारले हे लागते. हे शब्द पुढे पुरवणी जबाबात आले, तर बचावाचा वकील उलटतपासात एकच प्रश्न विचारतो. “हे तुम्ही मूळ फिर्यादीत सांगितलेले नाही, बरोबर?” आरोपीच्या बाजूने उभी असते तेव्हा मीही हाच प्रश्न विचारते. तो विचारणे हे माझे काम आहे, आणि कोर्टाने त्याची दखल घेणे हेही रास्त आहे. म्हणून तर फिर्याद लिहिणारा पहिला हात महत्त्वाचा. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा असा नियम आहे. पण साहेब गावात येतात तोवर त्या हाताने दिशा ठरवून टाकलेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ठाण्यात क्रॉस केस झाली. बाईच्या नवऱ्याने आणि दिरांनी समोरच्या माणसाच्या पत्नीच्या गळ्यातले गंठण ओढून नेले, म्हणे. जबरी चोरी. आमच्या भागातल्या कोणत्याही वकिलाला विचारा, ॲट्रॉसिटीची फिर्याद आणि गंठणाची फिर्याद या जोडीने फिरतात. मग गावातली जाणती माणसे मध्ये पडतात. “तुम्ही तुमची मागे घ्या, ते त्यांची घेतील. गावात राहायचंय ना?” दोन वर्षांनी पुकारा होतो, फिर्यादी फितूर होतो, आरोपी सुटतो. वर्षाच्या आकडेवारीत हा खटला ‘निर्दोष सुटका’ या रकान्यात जाऊन बसतो, आणि कोणीतरी सभेत उठून सांगतो की ॲट्रॉसिटीच्या बहुतेक केसेस खोट्या असतात.

मार्च २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवत असेल. कराडच्या सरकारी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातल्या शेऱ्यांवरून निघालेले ते प्रकरण. निरपराध माणसांना विनाकारण अटक होऊ नये म्हणून न्यायालयाने प्राथमिक चौकशी आणि वरिष्ठांच्या परवानगीच्या अटी घातल्या. त्या निकालपत्रातच २०१५ ची आकडेवारी आहे. निकाली निघालेले खटले १५,६३८. आरोपी सुटले ११,०२४ मध्ये, खटला मागे घेतला गेला ४९५ मध्ये आणि शिक्षा झाली ४,११९ मध्ये. या आकड्यांवरून खोट्या तक्रारींचे प्रमाण काढणे म्हणजे दवाखान्यातून न बरे होता घरी गेलेले सगळे रोगी मुळात आजारीच नव्हते असे म्हणण्यासारखे आहे. त्यात खोट्या केसेस असतील. पण त्यात फितूर साक्षीदार आहेत, गहाळ शब्द आहेत, गंठणे आहेत.

याची दुसरी बाजूही आहे. खोट्या केसेस होतात. मी त्यांतल्या काही लढवल्या आहेत. आमच्याकडच्या एका ग्रामपंचायतीत दोन गट, दोन्ही सवर्ण. एका पुढाऱ्याने आपल्या सालगड्याला पुढे करून दुसऱ्या पुढाऱ्यावर ॲट्रॉसिटी टाकली. फिर्यादीत घटना घडल्याचे ठिकाण होते त्या पुढाऱ्याच्या वाड्यातली आतली खोली, आणि हजर माणसे दोनच. शिवी सार्वजनिक नजरेच्या टप्प्यात दिली गेली पाहिजे, ही कायद्याची अटच फिर्याद वाचून पूर्ण होत नव्हती. औरंगाबाद खंडपीठात आम्हाला अटकपूर्व जामीन मिळाला. म्हणजे कलम १८ मुळे अटकपूर्व जामिनाचे दार कायमचे बंद होते हा समज अर्धाच खरा. संसदेने २०१८ च्या ऑगस्टमध्ये १८-अ कलम आणून प्राथमिक चौकशीची अट काढली, आणि १० फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवताना हेही सांगितले की वरवर पाहता गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामिनाची बंदी आड येत नाही. त्या खटल्यात सालगड्याचे काय झाले, हे मात्र कुणी विचारले नाही. त्याच्या नावाने फिर्याद झाली, त्याच्या नावाने ती पडली, आणि दोन्ही वेळा तो बोलला ते दुसऱ्याचे शब्द. कायद्याचा गैरवापर झाला असेल तर तोही बऱ्याचदा त्याच्या डोक्यावरून, त्याच्या मालकांनी केलेला असतो.

आतेभावाचा पुढचा मुद्दा असतो तो कायद्याच्या एकतर्फीपणाचा. “मग कायदा दोन्हीकडून लागू करा. त्याने माझ्या जातीवरून मारलं तर त्यालाही लागू दे.” अमेरिकेत तसेच आहे. १९८९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या केनोशा गावी काही काळ्या तरुणांनी केवळ गोरा आहे म्हणून एका मुलाला बेदम मारले. चिथावणाऱ्या तरुणाची शिक्षा द्वेषगुन्ह्याच्या कायद्याने वाढली, आणि १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती वाढ वैध ठरवली. तिथल्या कायद्यात वंश म्हणजे कोणताही वंश.

आपल्याकडेही असे दुहेरी कायदे आहेत, हे फार जणांना ठाऊक नसते. जातपंचायतीच्या जाचाविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा कोणत्याही जातीच्या माणसाला संरक्षण देतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये, पाच किंवा जास्त लोकांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप आहे. ते कलम मराठ्यालाही संरक्षण देते, ब्राह्मणालाही, महारालाही. त्या यादीत धर्म हा शब्द नाही, हे मात्र मला खटकते. हडपसरसारखे प्रकरण आज घडले तर सरकारी वकिलाला ‘समुदाय’ किंवा ‘तत्सम कारण’ या शब्दांच्या आडोशाने युक्तिवाद करावा लागेल. जिथे सरळ लिहायचे तिथे आडून का लिहावे?

तेव्हा दुहेरी कायद्याला माझा विरोध नाही. पण ॲट्रॉसिटीच दुहेरी करा, याला आहे, आणि त्याचे कारण गंठण हे आहे. आज समोरच्याला क्रॉस केससाठी चोरी रचावी लागते. उद्या जातद्वेषाचीच उलटी फिर्याद देता आली, तर ज्याच्या ओळखीचा फौजदार, ज्याचे दहा साक्षीदार तयार, ज्याच्या शेतावर अर्धे गाव कामाला, तो ती आधी देईल. कायद्याचा मजकूर दोघांना समान होईल आणि संरक्षण एकालाच मिळेल. अमेरिकेने १८६८ मध्ये नेमके हेच पाहिले होते.

अहमदनगर जिल्ह्यातले, आताच्या अहिल्यानगरचे, दोन निकाल आठवा. २०१६ च्या जुलैत कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. ती मराठा, आरोपी दलित. सगळा महाराष्ट्र हादरला, हादरायलाच हवा होता. खटल्यासाठी विशेष सरकारी वकील नेमले गेले, साक्षीदार ठाम राहिले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तिन्ही आरोपींना फाशी सुनावली गेली. कुठलाही विशेष जातीय कायदा त्या मुलीच्या बाजूने नव्हता. साधा कायदा पुरला, कारण समाज आणि सरकार दोन्ही तिच्यामागे उभे होते. त्याच जिल्ह्यात, त्याच नोव्हेंबरमध्ये खर्ड्याच्या प्रकरणाचा निकाल लागला. २०१४ च्या एप्रिलमध्ये एका दलित शाळकरी मुलाचा, गावातल्या मराठा मुलीशी बोलतो म्हणून, खून झाल्याचा आरोप होता. ॲट्रॉसिटीचे कलमही लागले होते. एकामागून एक साक्षीदार फितूर झाले आणि सगळे आरोपी सुटले. खून झाला होता, झाडाला लटकलेला मुलगा साऱ्या महाराष्ट्राने पाहिला होता, आणि खुनी कोणीच नव्हते. विशेष कायदा हाती असून एक घर हरले, विशेष कायद्याशिवाय दुसऱ्याला न्याय मिळाला. मोर्चातल्या माणसांनी पहिला निकाल लक्षात ठेवला. दुसराही ठेवायला हवा होता.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. द्वेषगुन्ह्याच्या कायद्याची खरी कसोटी तो आरोपीला किती जास्त शिक्षा देतो यात नाही. जे हात आखडतात त्यांना तो बांधून ठेवतो का, यात आहे. आणि असे बांधणारे कलम ॲट्रॉसिटी कायद्यात आहे. ते चौथे. त्याच्याबद्दल ना मोर्चात कुणी बोलते, ना प्रतिमोर्चात.

कलम ४ सांगते, लोकसेवकाने तोंडी सांगितलेली माहिती लिहून घेऊन सही घेण्याआधी फिर्यादीला वाचून दाखवायची. गुन्हा नोंदवायचा. नोंदवलेल्या माहितीची प्रत लगेच द्यायची. साठ दिवसांत तपास करून दोषारोपपत्र द्यायचे. जाणूनबुजून यात कसूर केली तर सहा महिने ते एक वर्ष कैद. तुरीच्या शेतातल्या बाईला तिची फिर्याद वाचून दाखवली असती, तर ‘लिवणारानं लिवलं न्हाई’ हे तिने तिथेच सांगितले असते. माझ्या वकिलीच्या काळात या कलमाखाली माझ्या कोर्टात एकाही अधिकाऱ्यावर खटला चाललेला मी पाहिला नाही.

का नाही, याचे उत्तर कायद्यातच आहे. २०१६ च्या दुरुस्तीने कर्तव्यांची यादी लांबवली आणि शेवटी एक परंतुक जोडले. लोकसेवकावर असा आरोप ठेवायचा तर आधी प्रशासकीय चौकशी व्हावी आणि तिने तशी शिफारस करावी. आता हे १८-अ शेजारी ठेवा. साध्या नागरिकावर गुन्हा नोंदवताना प्राथमिक चौकशी नको, असे संसदेने ठरवले. फिर्याद लिहिताना शब्द गाळणाऱ्याला मात्र त्याच कायद्यात चौकशीचे कवच, आणि चौकशी करणार त्याचेच खाते. माझ्या आतेभावाला विषमता शोधायची असेल तर त्याने ती इथे शोधावी. एकाच कायद्याखाली दोन आरोपी, एकाला ढाल आहे, दुसऱ्याला नाही.

याच दुरुस्तीने खैरलांजीच्या गाठीवरही हात ठेवला. दहा वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत पूर्वी ‘जातीच्या कारणावरून’ गुन्हा केल्याचे सिद्ध करावे लागे. आता पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे हे आरोपीला ठाऊक होते, एवढे पुरते, आणि आरोपीची त्या कुटुंबाशी ओळख असेल तर ठाऊक होते असे न्यायालय गृहीत धरते. एका गावात कोण कोणत्या जातीचा हे ठाऊक नसलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. जुन्या मजकुराबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले, की जात हे एकमेव कारण असायला हवे असे नाही, अनेक कारणांपैकी एक असले तरी चालते. गावात भांडण कधीच शुद्ध नसते. बांध असतो, पाणी असते, साक्ष दिल्याचा राग असतो. पण बांधावरून भांडलेल्या भावकीतल्या माणसाचे घर कुणी सहकुटुंब संपवत नाही. कोणाला संपवले तरी पचेल, हा हिशेब जातीतून येतो.

साक्षीदारांचे आणि पीडितांचे संरक्षण, प्रवासभत्ता, पुनर्वसन यांचे हक्क कलम १५-अ मध्ये लिहिलेले आहेत. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बसावे असा नियम आहे. कायद्यात हे सगळे आहे. नवे काही मागायची गरज फारशी नाही. कलम ४ च्या परंतुकाला मुदत घाला, चौकशी पोलीस खात्याबाहेरच्या माणसाकडे द्या, फिर्याद वाचून दाखवतानाचे चित्रीकरण करा, आणि न्याय संहितेच्या यादीत धर्म हा शब्द घाला. यातले पहिले आणि शेवटचे संसदेचे काम, मधली दोन राज्य सरकारने मनात आणले तर ते करू शकते. चित्रीकरणाचा फायदा खोट्या केसमध्ये अडकलेल्या माणसालाही तेवढाच होईल, कारण फिर्यादीने पहिल्या दिवशी काय सांगितले आणि काय नाही हे त्यालाही दाखवता येईल.

ॲट्रॉसिटी रद्द करा किंवा ॲट्रॉसिटीला हात लावू नका, अशा दोन घोषणांमध्ये हा विषय इतकी वर्षे अडकला आहे. पुढच्या अधिवेशनात तुमच्या मतदारसंघाचा आमदार यावर बोलायला उठणार असेल, तर तो कोणत्याही बाजूचा असो, त्याला गृहमंत्र्यांना एकच तारांकित प्रश्न विचारायला लावा: गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रात कलम ४ खाली किती लोकसेवकांवर गुन्हे दाखल झाले, किती चौकश्यांनी शिफारस केली, आणि किती जणांना शिक्षा झाली? जिल्हावार.